न घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी तोंड वेंगाडू नये. लिफ्टमध्ये सव्वादोन तास अडकलेला एक माणूस, दार उघडलं तेव्हा बाहेर यायलाच तयार होईना. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध लटकलेली. आतला दिवा गेलेला, पंखा बंद. आणि एक धिप्पाड विमा अधिकारी कोटाची घडी घालून तिच्यावर मांडी ठोकून बसलेला, फोन कानाला चिकटलेला. मिस्त्र्याने किल्ली फिरवून दार सरकवलं, शिडी आत सोडली आणि म्हणाला, "या साहेब, सुटलात." तर साहेबांनी त्याच्यावरच डोळे वटारले. "थांबा हो जरा! अजून वेढा उठलेला नाही!"

तो मिस्त्री म्हणजे सातमजली. आईबापांनी ठेवलेलं नाव एव्हाना त्याचं त्यालाही आठवून बघावं लागे. सातव्या मजल्यावरून सोडल्यासारख्या थापा मारायचा म्हणून कंपनीत कुणीतरी हे नाव ठेवलं, ते घरापर्यंत आलं. एकदा म्हणे त्याने लिफ्टच्या टपावर बसल्या बसल्या डुलकी काढली आणि जाग आली तेव्हा इमारतीला दोन मजले वाढलेले होते. एकदा म्हणे एका लिफ्टचा वेग त्याने इतका वाढवला, की वर गेलेली बाई खाली उतरली ती कालच्या कपड्यांत. लोक ऐकायचे, हसायचे, चहा पाजायचे. विमा अधिकाऱ्याची गोष्ट काढली की मात्र "आता हद्द झाली, मिस्त्री" म्हणून उठून जायचे.

गंमत बघा, त्याच्या थापांच्या सगळ्या ढिगात ही एकच गोष्ट खरी होती. सव्वादोन तास तेवढे त्याचे. खरे म्हणजे एक तास चाळीस मिनिटं.

फोनच्या दुसऱ्या टोकाला सातमजलीची लेक होती. कंपनीच्या तक्रार कक्षात बसायची. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की फोनवर जो आवाज येतो, तो तिचा. मिस्त्री पोचेपर्यंत आतल्या माणसाला धीर देणं हे तिचं काम. बाकीच्या मुली "घाबरू नका, माणूस निघालाय" एवढं सांगून गप्प बसत. ही बोलत राही. त्या दिवशी ती विमा अधिकाऱ्याला एका वेढा पडलेल्या शहराची हकिगत सांगत होती. शहरात अन्नाचा कण उरला नव्हता, तरी रोज सकाळी तिथली माणसं तटावर उभी राहून दात कोरत. बाहेरच्या फौजेला वाटावं, हे आत्ताच पोटभर जेवून उठलेत. सातमजली शिडी धरून उभा होता आणि त्या फोनमधून त्याला लेकीचा आवाज ऐकू येत होता. असा आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. विमा अधिकारी शेवट ऐकूनच बाहेर आला आणि जाताना म्हणाला, "कुठल्या कॉलेजात शिकवतात हो या बाई?"

सातमजलीला त्याच्यावर एकही थाप सुचली नाही. हा प्रसंग त्याच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा.

आता त्यालाही पंधरा वर्षं झाली होती. म्हातारा लेकीकडेच राहत होता. जावई मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात म्हातारा, लेक आणि अठराची नात. शनिवारी लेकीची ड्युटी घरून असे. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती कानाला हेडफोन लावून बसे, समोर लॅपटॉप आणि पाण्याची बाटली. त्या शनिवारी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नात बसली होती आणि तिच्यासमोर दोन कागद होते. एक बँकेचा, शैक्षणिक कर्जाचा अर्ज. दुसरा वहीतून फाडलेला, त्यावर मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे तिने लिहिलं होतं 'मिळकत' आणि उजवीकडे 'कर्ज'. बँक चारला बंद होणार होती, आणि सोमवारी कॉलेज तिची जागा दुसऱ्याला देऊन मोकळं होणार होतं. घड्याळात अडीच वाजले होते. अर्जावर जामीनदाराच्या सहीची जागा, म्हणजे आईची, अजून कोरी होती.

"आजोबा, या इकडे. तुम्हीच बघा आणि सांगा, वर जायचं की खाली," नात म्हणाली.

"बिघाड काय आहे ते सांग आधी," म्हातारा खुर्ची ओढत म्हणाला.

"कोर्स चार वर्षांचा. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, सगळं मिसळून. लिबरल आर्ट्स म्हणतात."

"हे सगळं एकाच ताटात?"

"हो. आणि ताट चौदा लाखांचं. हप्ता एकोणीस हजार, दहा वर्षं." तिने उजव्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "आता मिळकत. हाच कोर्स केलेल्या पाच जणांना मी फोन लावले. एक बाई संग्रहालयात आहेत, सुरुवात अठ्ठावीस हजारांनी. एक जण शाळेत शिकवतो, एकतीस. एक साबणाच्या कंपनीसाठी मजकूर लिहिते, चाळीस. चौथा घरं विकतो. त्याला महिन्याला किती मिळतं ते त्यालाच ठाऊक नाही."

"आणि पाचवा?"

"फोन उचलत नाही."

"म्हणजे एकतर बक्कळ कमावतोय, नाहीतर बँकेचा फोन समजून घाबरतोय."

नात हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "चौतीस धरू. त्यातले एकोणीस गेले, उरले पंधरा. खोलीचं भाडं बारा. राहिले तीन. तीन हजारांत महिनाभर काय तत्त्वज्ञान खाऊ?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घंटी वाजली. "नमस्कार, तक्रार कक्ष," लेक बोलू लागली. "हो काकू, दिसतंय मला. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहात. माणूस निघाला, वीस मिनिटांत पोचेल. एकट्याच आहात?... कुत्रा पण आहे? अरे वा, मग एकट्या कुठं? काय म्हणता त्याला?... आणि हे नाव कुणी ठेवलं?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. एकोणतीस वर्षं ती हेच करत होती. आता कक्षाची प्रमुख होती, तिच्या हाताखाली सात मुली होत्या. तरी शनिवारचे फोन स्वतः घ्यायची. कपाटात तिची जाडजूड पुस्तकं होती, रद्दीच्या भावात आणलेली, साम्राज्यांची आणि वेढ्यांची. त्यांत खुणेसाठी कंपनीच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या घातलेल्या.

कुत्रेवाल्या काकू त्यांच्या कुत्र्याची कुळकथा सांगू लागल्या असाव्यात, कारण लेकीने माइक बंद-चालू करत नुसतं "हं, हं" चालवलं.

"आई, तू पण बोल ना काहीतरी," नात म्हणाली.

"मी काय बोलू? तुझा कागद, तुझं आयुष्य. सही कर म्हणालीस तर करीन. पण हिशेब नीट कर, एवढंच."

"केलाय. बसत नाहीये."

लेकीने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"बघा आजोबा, आईचंही हेच झालं होतं. माझ्याच वयात, असाच कोर्स, असंच कर्ज. तिनं हिशेब केला आणि सोडून दिलं. स्वतःहून. कुणी अडवलं नव्हतं तिला. आता ती करू शकली नाही ते मी करणार? मी काय तिच्यापेक्षा शहाणी लागून गेले?" तिने अर्ज उचलला, दोन्ही कडा जुळवल्या आणि मधोमध घडी घातली. "जाऊ दे. साबणाच्या कंपनीत नुसती चौकशी करते, डिग्रीशिवाय घेतात का."

दोर सुटलेली लिफ्ट म्हाताऱ्याने आयुष्यात एकदाही पाहिली नव्हती, पण आत बसलेल्याला कसं वाटत असेल ते त्याला त्या क्षणी कळलं.

कारण 'स्वतःहून सोडलं' ही थाप होती, आणि एकदाच काय ती थाप त्याची नव्हती. लेकीची होती. नात दहा वर्षांची असताना तिने एकदा विचारलं होतं, आई, तू कॉलेजला का नाही गेलीस? लेकीने भांडी पुसता पुसता म्हटलं होतं, "मलाच नको होतं गं. हिशेब बसत नव्हता." म्हातारा तिथेच बसला होता. लेकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानेही चहाचा घोट घेतला आणि मूग गिळून गप्प बसला. फुकट मिळालेली थाप त्याने पदरात पाडून घेतली. आता तीच थाप नातीच्या गळ्यात येऊन पडली होती.

खरं काय घडलं ते दोघांनाच माहीत होतं. माहीत असणारी तिसरी, त्याची बायको, ती गेली त्याला अकरा वर्षं झाली.

त्या दिवशी बँकेत जाताना बायको दारात म्हणाली होती, "बघायचंय काय त्यात? सही करा आणि या." सातमजली तेव्हा पंचेचाळिशीचा, हातात चाळीस इमारती, एकीतही अपघात नाही. बँकेतल्या काचेच्या खोपटात कारकुनाने अर्ज त्याच्यासमोर फिरवून ठेवला. शेजारच्या खुर्चीत लेक, मांडीवर नवी कोरी फाइल. त्याने खिशातून पेन काढलं. कंपनीने दिलेलं, धातूच्या टोपणावर कोरलेलं: 'दहा वर्षे विनाअपघात'. टोपण काढलं. आणि मग त्याला विचारायची दुर्बुद्धी झाली. "हप्ता किती पडेल?"

"तीन हजार," कारकून म्हणाला.

"आणि ही शिकून बाहेर पडली की पगार?"

"या कोर्सवाल्यांना? सात मिळतात. नशीब असेल तर आठ."

हे ऐकून दुसऱ्या कुणाही बापाने काय केलं असतं? सातातून तीन वजा केले असते, उरलेल्या चारांकडे बघून उसासा टाकला असता आणि एकतर सही केली असती, नाहीतर नसती केली. पण हा लिफ्टवाला. लिफ्टच्या कामाचा एक नियम आहे: जेवढं वजन टांगायचं, त्याच्या बारापट वजन पेलेल असा दोर लावायचा. अकरापटही चालत नाही. पंचवीस वर्षं या नियमावर त्याने माणसं वर नेली, खाली आणली. त्याने पावतीच्या मागच्या बाजूला तिनाला बाराने गुणलं. छत्तीस. तीन हजारांचा हप्ता टांगायचा तर छत्तीस हजारांचा पगार हवा. छत्तीस हजार त्याच्या साहेबाच्या साहेबालाही मिळत नव्हते.

त्याने टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"दोर बारापट हवा," सातमजली म्हणाला. "त्याच्या खाली मी माणूस चढवत नाही."

कारकुनाला तो विनोद वाटला, तो हसला. लेक हसली नाही. रडलीही नाही. बँकेच्या पायऱ्या उतरताना तिने फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि एवढंच विचारलं, "तुमच्या कंपनीत फोनवर मुली लागतात का, बाबा?"

तेव्हा त्याला या उत्तराचा अभिमान वाटला होता. पोर समजूतदार आहे म्हणून चारचौघांत सांगितलं होतं. बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली तेही "मीठ संपलंय" एवढंच.

हप्त्यांचा तक्ता मात्र कारकुनाने सोबत दिला होता. तो त्याने फेकला नाही. हत्यारांच्या पिशवीत, ग्रीसच्या डब्याखाली ठेवून दिला. आणि चार वर्षांनी, लेक जेव्हा शिकून बाहेर पडली असती त्या महिन्यापासून, तो त्यातली एकेक ओळ खोडू लागला. का, ते विचारू नका. त्यालाही सांगता आलं नसतं. पगार झाला की पाना काढावा तसा तो तक्ता काढायचा आणि एक रेघ मारायचा. न घेतलेल्या कर्जाचा एक हप्ता फिटला. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत लेकीचं लग्न झालं, नात झाली, लेकीचा पगार चारावरून अकरावर गेला, आणि तिकडे सात हजारांवर लागलेल्यांचे पगार कुठल्या कुठे गेले. शेवटची रेघ मारली त्याच महिन्यात तो विमा अधिकारी लिफ्टमध्ये अडकला.

वेढा उठेपर्यंत शिडी धरून उभं राहिल्यावर सातमजली त्या दिवशी मोटरखोलीत गेला आणि एकटाच बसून राहिला. समोर मोटर होती, हाताच्या पंज्याएवढी जाड आसाची, फार मोठी नव्हे. एवढीशी मोटर दहा माणसं कशी उचलते, असं नवखी पोरं विचारत, तेव्हा तोच त्यांना समजावायचा: अरे, ती दहा माणसं उचलतच नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं, लोखंडी विटांची चळत. लिफ्ट वर येते तेव्हा ती चळत खाली जाते. एका वजनाला दुसरं वजन तोलून धरतं. मोटर उचलते तो फक्त दोघांतला फरक.

हजार वेळा सांगितलेली गोष्ट. आणि बँकेच्या त्या खोपटात तो सगळा भार एकट्या दोरावर टांगून मोकळा झाला होता. पोरीला काय येतं, काय आवडतं, ती बोलू लागली की माणूस अडकल्याचं विसरतो, यातलं काहीएक त्याने दुसऱ्या टोकाला लावलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. दहा मजले तो त्या दिवशी जिन्याने उतरला.

"आजोबा, झोपलात की काय?" नातीने टेबलावर टिचकी मारली. घडी घातलेला अर्ज आता लिफाफ्यात अर्धा गेला होता.

"थांब," म्हातारा म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "तो लिफाफा ठेव खाली. तुला एक गोष्ट सांगायची आहे."

"विमावाल्याची नको हं."

"ती नाही. तुझ्या आईची. कर्जाची." त्याने घसा खाकरला. "तिनं हिशेब केला आणि सोडलं म्हणतेस. पण हिशेब तिनं केलाच नव्हता."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला 'हं, हं' थांबलं. लेकीने मान वर केली नाही, पण तिचा हात बाटलीवर थबकला.

"मग कुणी केला?" नातीने विचारलं.

"ऐक तर. आम्ही दोघं बँकेत गेलो. काचेचं खोपट. पंखा असा करकरत होता की मला वाटलं, याला ग्रीस लावून यावं आणि मग कर्जाचं बोलावं. कारकून म्हणजे काडी. वाऱ्याने उडू नये म्हणून पेपरवेट खिशात घालून बसलेला."

"आजोबा!"

"बरं, पेपरवेट टेबलावर होतं. त्यानं अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी पेन काढलं. हे, हेच." त्याने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. पेन तिथे होतं, टोपणावरची अक्षरं बोटांना लागत होती. "टोपण काढलं. विचारलं, हप्ता किती? तो म्हणाला, तीन हजार. आणि मी…"

इथपर्यंत सगळं सरळ आलं होतं. आता तीनच शब्द उरले होते. मी नाही म्हणालो. शंभर मजल्यांच्या थापा ज्या जिभेवरून घसरगुंडीसारख्या उतरल्या होत्या, तिच्यावर हे तीन शब्द अडकून बसले. दोन मजल्यांच्या मधोमध. नात त्याच्याकडे बघत होती, हनुवटी तळव्यावर ठेवून, लहानपणी लिफ्टच्या गोष्टी ऐकायची तशीच. हिला कळलं की आपल्या आजोबाने काय केलं, तर पुन्हा ती अशी बसेल का? पंधरा वर्षं तो तिच्यासाठीच थापा मारत आला होता. दुसरं श्रोतामंडळ उरलंच कुठे होतं?

लेक आता सरळ त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"आणि तुम्ही काय?" नात म्हणाली.

"आणि मी काय! मी कसला विचार करतोय?" म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर ते थांबेना. "तीन हजार तर तीन हजार, म्हटलं. केली सही! अशी झोकात केली की कारकून उठून उभा राहिला. शाई वाळायच्या आत म्हटलं, जा पोरी, शीक. पैशाचं मी बघतो. सही तयार होती. सगळं तयार होतं. पण तुझी आई… तिलाच आमची काळजी वाटली असेल. म्हणाली, राहू द्या, बाबा. आता तयार मनाचं माणूस मागं फिरलं, तर बापानं काय करावं? म्हणून तुला सांगतो, तू तसं करू नकोस. तू मागं फिरू नकोस. माझ्यासारखा बाप सही करून बसला होता, तरी…"

"काकू," लेक माइकमध्ये म्हणाली, "एकच मिनिट. लाइनवरच राहा, कुत्र्याला धरून ठेवा."

तिने हेडफोन काढला. एकोणतीस वर्षांत अडकलेल्या माणसाला तिने कधी थांबवून ठेवलं नव्हतं. हात लांब करून तिने नातीपुढचा लिफाफा ओढला, अर्ज बाहेर काढला आणि त्याची घडी तळव्याने दाबून सपाट केली.

"खोटं बोलताय, बाबा. तुम्ही सही केलीच नव्हती. बाराने गुणलंत आणि पेन खिशात ठेवलंत, मी शेजारीच होते. अजून तिथंच आहे ते. द्या इकडे."